बारा दिवसांत सात शहरे की दोन मुक्काम?

तुम्ही लिहिले आहे की हाती बारा दिवसांची रजा आहे, सात शहरांची यादी तयार आहे, आणि मागच्या सहलीहून परतल्यावर इतका थकवा आला होता की कामावर रुजू झाल्यानंतरचा पहिला आठवडा तो घालवण्यातच गेला. त्यावरून तुमचा प्रश्न असा, की ‘सावकाश प्रवास करा’ हा सल्ला ज्यांच्याकडे अमाप रजा आणि पैसा आहे अशांनाच परवडणारा आहे का. आणि तसे नसेल, तर मोजक्या दिवसांत सावकाश फिरायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे. प्रवासलेखन हाच माझा व्यवसाय असल्याने हा प्रश्न मला वाचक वेगवेगळ्या शब्दांत सतत विचारतात, आणि माझे उत्तर गेल्या काही वर्षांत एकाच मुद्द्यावर येऊन स्थिरावले आहे. सहलीचा वेग वाहनावरून ठरत नाही, पाहिलेल्या स्थळांच्या संख्येवरूनही फारसा ठरत नाही. आपण किती वेळा बॅग भरून मुक्काम हलवतो, यावरून तो ठरतो. रजा वाढवणे तुमच्या हाती नसेल, मुक्काम कमी करणे मात्र पूर्णपणे तुमच्या हाती आहे.

आधी हिशेब मांडून पाहू. वेळापत्रकात दोन तासांचा दिसणारा रेल्वेप्रवास प्रत्यक्षात दिवसाचे पाच-सहा तास खातो. सकाळी सामान आवरायचे, अकराच्या सुमारास खोली सोडायची, स्टेशनवर वेळेआधी पोहोचायचे, उतरल्यावर नव्या शहरातली बस किंवा मेट्रो कशी पकडायची ते समजून घ्यायचे, आणि नवी खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नसल्याने मधला वेळ सामान सांभाळत काढायचा. हे सारे उरकून आपण मोकळे होतो तोवर दुपार उलटलेली असते. सात शहरे म्हणजे असे सहा बदल, म्हणजे किमान तीन पूर्ण दिवस. त्यात जाण्या-येण्याचे दोन दिवस मिळवले की बारांपैकी सातच उरतात. प्रत्येक शहराच्या वाट्याला एक दिवस, आणि त्यातलेही पहिले काही तास दिशा कळण्यात जातात. उलट दोनच मुक्काम ठेवले तर बदल एकच होतो आणि अर्धाच दिवस जातो. एकही जास्तीची रजा न घेता तुमच्या सहलीत अडीच दिवसांची भर पडते. सावकाश प्रवास हा श्रीमंतांचा छंद आहे असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा, असे मला वाटते.

या हिशेबात झोप अजून धरलेलीच नाही. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि त्यामागचे एक कारण 2016 साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. अनोळखी जागी पहिल्यांदा झोपलेल्या माणसाच्या मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा कमी गाढ झोपतो, आणि बाहेरच्या आवाजांना अधिक तत्परतेने प्रतिसाद देतो. प्रयोगात हा पहारा डाव्या अर्धगोलाकडे असल्याचे दिसले. त्याच जागी पुन्हा झोपायला आल्यावर हा फरक दिसेनासा झाला. याचा प्रवाशासाठीचा अर्थ उघड आहे: जो रोज किंवा एक दिवसाआड मुक्काम बदलतो, त्याच्या सहलीत पहिल्या रात्रीच फार होतात. तुमचा मागचा थकवा पायपिटीचा कमी आणि अर्धवट झोपेचा जास्त असावा, असा माझा अंदाज आहे.

प्रवास लांबच्या देशाचा असेल तर यात घड्याळाच्या फरकाची भर पडते. माणसाच्या शरीरातले घड्याळ सरासरी चोवीस तासांहून किंचित लांब चालते. त्यामुळे दिवस ताणणे त्याला सोपे जाते आणि आखडणे कठीण, आणि म्हणूनच पश्चिमेकडे जाण्यापेक्षा पूर्वेकडे गेल्यावर त्रास अधिक होतो. शरीर जुळवून घेते ते ढोबळमानाने दिवसाला एक तास या गतीने. पाच-सहा तासांच्या फरकाच्या प्रदेशात पूर्वेकडे जाऊन चार दिवसांत परतणारा माणूस, शरीराच्या दृष्टीने पाहिले तर, तिथे पूर्णपणे पोहोचतच नाही. म्हणून ज्या गोष्टीसाठी आपण एवढ्या लांब चाललो आहोत ती पहिल्या दोन दिवसांत ठेवू नये. त्या दिवसांत उजेडात चालावे, जवळपासचा भाग पायाखाली घालावा आणि संध्याकाळी लवकर खोलीवर परतावे.

उंच प्रदेशात तर सावकाशपणा आवडीनिवडीचा प्रश्नच उरत नाही. समुद्रसपाटीपासून 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण 500 मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी, हा पर्वतीय वैद्यकातला रूढ नियम आहे. तरीही पेरूला जाणारे कितीतरी प्रवासी विमानाने थेट सुमारे 3,400 मीटर उंचीवरच्या कुस्को शहरात उतरतात आणि पहिले दोन दिवस डोकेदुखीत घालवतात. गंमत अशी की ज्याच्यासाठी ते आलेले असतात ते माचू पिचू हे इंकाकालीन अवशेषांचे ठिकाण कुस्कोपेक्षा जवळजवळ एक हजार मीटर खाली आहे. विमानतळावरून आधी खालच्या खोऱ्यात जाऊन दोन-तीन रात्री काढायच्या, अवशेष पाहायचे, आणि मग शरीर सरावल्यावर कुस्कोत राहायला यायचे, असा उलटा क्रम लावला की तेवढ्याच दिवसांत तीच सहल सुखाची होते. इथे एकही स्थळ गाळावे लागत नाही. फक्त मुक्कामांचा क्रम विचाराने लावावा लागतो.

आता वाहनाविषयी, कारण तिथे गैरसमज बराच आहे. सावकाश प्रवास म्हणजे विमान टाळून रेल्वेने किंवा बोटीने जाणे, असे अनेकांनी मनाशी धरलेले असते. मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला जाणारी सैबेरियन रेल्वे 9,289 किलोमीटर अंतर कापते, आणि मध्ये कुठे मुक्काम न करता बसून राहिले तर या प्रवासाला जवळपास सात दिवस लागतात. सात दिवस म्हणजे सावकाशच, पण या सात दिवसांत प्रवासी ज्या शहरांतून जातो तिथले त्याला फलाटच दिसतात. वाहन म्हणून ती गाडी पाहण्यात मजा आहे, मी ती नाकारत नाही. मात्र तो अनुभव गाडीचा असतो, सैबेरियाचा नव्हे. स्वित्झर्लंडमधील झेरमाट ते सेंट मोरित्झ धावणारी ग्लेशियर एक्सप्रेस तर जगातली सर्वांत सावकाश एक्सप्रेस म्हणूनच मिरवते: 291 किलोमीटरसाठी सुमारे आठ तास, 91 बोगदे आणि 291 पूल. त्या खिडकीतून दिसणारे डोंगर सुंदर आहेतच, तरीही आठ तास काचेतून पाहिलेल्या दऱ्यांपैकी एका दरीत उतरून दोन रात्री राहणाऱ्याला जे मिळते ते वेगळ्या जातीचे असते. उलट विमानाने काही तासांत पोहोचून एकाच गावात दहा दिवस राहणारा माणूस, माझ्या हिशेबी, सावकाश प्रवासीच आहे.

मग यादी छोटी करताना आपल्याला अपराध्यासारखे का वाटते? मला वाटते, त्याचे मूळ आपल्या स्वभावात कमी आणि पर्यटनाच्या इतिहासात जास्त आहे. थॉमस कुक यांनी 5 जुलै 1841 रोजी इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे खास आगगाडीने नेली. प्रसंग दारूबंदीच्या सभेचा होता आणि सगळे एकाच दिवसात जाऊन परतायचे होते. त्यातून पुढे जो व्यवसाय उभा राहिला, त्याने सर्वसामान्य माणसाला प्रथमच प्रवास परवडू लागला, आणि हे उपकार विसरू नयेत. पण कमी दिवसांत अधिक स्थळे हेच मग सहलीच्या चांगुलपणाचे माप झाले. त्याच सुमारास ब्रिटनमधील मरे आणि जर्मनीतील बेडेकर या प्रकाशकांच्या मार्गदर्शक पुस्तिकांनी महत्त्वाच्या स्थळांपुढे तारका छापायला सुरुवात केली. तारका ही सोय होती: वेळ थोडा असलेल्या वाचकाला काय वगळले तरी चालेल, हे तिच्यामुळे कळत असे. आज तिचा अर्थ नेमका फिरला आहे. तारका असलेले काहीही राहिले की सहल अपुरी झाली, असे आपण धरून चालतो, आणि फोनवर तर प्रत्येक चौकापुढे कुणी ना कुणी तारे लावून ठेवलेले असतात.

मुक्काम कमी केले म्हणजे काम संपले असे नाही, कारण एका शहरात पाच दिवस राहूनही माणूस पाच दिवस धावू शकतो. पाहणे हे स्वतंत्र काम आहे आणि ते आपण फार घाईने करतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षकांच्या वागण्याचे निरीक्षण करून 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की नावाजलेल्या चित्रांसमोरही माणसे सरासरी सत्तावीस सेकंद थांबतात, आणि निम्म्या वेळा हे थांबणे सतरा सेकंदांपेक्षा अधिक नसते. त्यातही चित्राशेजारची पाटी वाचण्याचा वेळ आलाच. संग्रहालयातला थकवा तर शंभर वर्षांहून जुना विषय आहे. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातील बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी 1916 साली त्यावर लेख लिहिला. एका माणसाला प्रदर्शनातल्या वस्तूंविषयी प्रश्न देऊन, त्यांची उत्तरे शोधताना त्याला किती वाकावे, ओणवावे आणि मान वळवावी लागते याची छायाचित्रेच त्यांनी सोबत दिली. म्हणजे तीन तासांनी तुमचे डोके बधिर होते यात तुमच्या रसिकतेचा दोष नाही. मोठ्या संग्रहालयात एका वेळी दीड तासापेक्षा जास्त थांबू नये, आत जाण्याआधी चार-पाच वस्तू ठरवून घ्याव्यात, आणि शक्य असेल तिथे समोर बसून पाहावे. मुक्काम लांब असेल तर उरलेल्यासाठी परवा पुन्हा जाता येते. एका दिवसात शहर उरकणाऱ्याला हे ‘परवा’ नसते, म्हणून तो सगळी दालने पायांनी पाहतो.

छायाचित्रांबद्दल मी एकेकाळी फार कडक मते ऐकवत असे, पण फेअरफील्ड विद्यापीठातील लिंडा हेंकेल यांचा 2014 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचल्यापासून थोडे जपून बोलतो. त्यांनी काही जणांना एका संग्रहालयातून फिरवले. काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या, काहींची छायाचित्रे घ्यायला सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची आठवण तपासली. पूर्ण वस्तूचे छायाचित्र घेतले असेल तर ती वस्तू आणि तिचे तपशील कमी आठवत होते. जणू ते काम कॅमेऱ्यावर सोपवून मन मोकळे झाले होते. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन तेवढाच भाग टिपला असेल, तर आठवण कमी झाली नाही. यातून मी व्यवहारात आणलेली पद्धत सांगतो. नव्या ठिकाणी पोहोचल्यावर फोन आधी खिशातच ठेवायचा, जे दिसते त्याच्या चार ओळी वहीत लिहायच्या, आणि मगच छायाचित्र घ्यायचे, तेही शक्यतो एखाद्या बारकाव्याचे: कुंपणाला मारलेली गाठ, पायरीची झिजलेली कड, खिडकीच्या चौकटीवर एकावर एक चढलेले रंगाचे थर. संपूर्ण इमारतीचे छायाचित्र तुमच्यापेक्षा चांगले कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेले आहे.

लांब मुक्कामाने नेमके काय मिळते हे सांगायला व्हेनिससारखे उदाहरण नाही, कारण तिथे घाईचे आणि सावकाशीचे प्रवासी एकाच दिवसाच्या वेगवेगळ्या तासांत वाटले गेलेले आहेत. या शहराच्या जुन्या भागात 1951 साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. 2022 मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. दिवसभरासाठी येणाऱ्यांची गर्दी साधारण दहाला सुरू होते आणि संध्याकाळी ओसरते, आणि त्या वेळात पुलांवर उभे राहणेही मुश्किल होते. सकाळी सहाला बाहेर पडा. शहरात मोटारी नसल्याने सगळा माल होड्यांतून येतो. कालव्याच्या काठाशी होडी लागते, त्यातून खोकी, गॅसच्या टाक्या, धुतलेल्या चादरींचे गठ्ठे उतरवले जातात आणि हातगाड्यांवर चढतात. या हातगाड्यांना पुढच्या बाजूला छोटी जादा चाके असतात. पुलाच्या पायऱ्या आल्या की गाडीवाला गाडी मागे कलवतो, ती चाके पायरीवर टेकवतो आणि भरलेली गाडी पायरीमागून पायरी वर घेतो. शहराचा कचराही असाच गाडीतून होडीत जातो. पाण्यावर वसलेले शहर चालते कसे, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन तासांत तुमच्यासमोरून जात असते, आणि ते पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. आदल्या रात्री तिथे झोपलेले असणे तेवढे लागते. खुद्द त्या शहरानेही हा भेद ओळखला आहे. 25 एप्रिल 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरते येऊन परतणाऱ्यांकडून तिथे प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले. शहरात रात्री राहणाऱ्यांना त्यातून वगळले आहे.

माझ्या कामाच्या वह्यांतून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. कोणत्याही नव्या ठिकाणच्या पहिल्या दिवसाच्या टिपणांत विशेषणे खच्चून भरलेली असतात: भव्य, अद्भुत, गजबजलेले, शांत. त्यांतले बहुतेक मी येण्याआधी वाचलेले असते आणि तेच तिथे शोधून काढलेले असते. तिसऱ्या दिवशी विशेषणे कमी होतात आणि क्रियापदे वाढतात. कोण किती वाजता दार उघडतो, बागेतल्या कोणत्या बाकावर ऊन केव्हा येते, शाळा सुटल्यावर रस्त्याचा आवाज कसा बदलतो, हे दिसू लागते. छापण्याजोगे जे काही हाती लागते ते बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असते. तुम्हाला काही छापायचे नाही हे मला ठाऊक आहे, पण परतल्यावर आठवणार आहे तेही बहुतांशी हेच. यासाठी एक साधा उपाय आहे: मुक्कामाच्या जवळ एक जागा निवडावी, चौक असो, घाट असो वा बसचा थांबा, आणि तिथे रोज वेगळ्या वेळी पाव तास बसावे. जागा प्रेक्षणीय नसली तर उत्तमच.

मधे एक कंटाळवाणी दुपार येईल, तीही बहुधा तिसऱ्या दिवशीच. ठरवलेले पाहून झालेले असते, पाय दुखत असतात, आणि मन म्हणू लागते की इथे आता काही उरले नाही, पुढच्या गावाला जायला हवे होते. इथेच बहुतेक जण फोन काढून दीड तासावरचे आणखी एखादे स्थळ शोधतात. ती दुपार तशीच जाऊ द्यावी. कपडे धुवावेत, झोपावे, जवळच्या बागेत वाचत बसावे, आणि संध्याकाळी कालच्याच रस्त्याने पुन्हा निघावे. रस्ता आता ओळखीचा झाल्यामुळे नकाशा पाहावा लागत नाही, आणि नकाशातून सुटलेली नजर प्रथमच घरांकडे, माणसांकडे जाते. कंटाळा टिकला आणि चौथ्या दिवशीही गाव नकोसेच वाटले, तर मात्र खुशाल निघून जावे. न आवडलेल्या जागी तत्त्वापायी बसून राहण्यात काही अर्थ नाही.

काही दृश्ये तर अशी आहेत की ती वेळापत्रकाला जुमानतच नाहीत. जपानचा फुजी पर्वत उन्हाळ्यात बहुतेक वेळा ढगांत असतो. ध्रुवीय प्रकाश पाहायचा तर अंधार हवा, आकाश निरभ्र हवे आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांची कृपाही हवी. अशा ठिकाणी एक रात्र ठेवणे म्हणजे सोडतीचे तिकीट काढणे. चार रात्री ठेवल्या तर शक्यता बरीच वाढते आणि पहिल्या रात्रीच्या ढगांनी चिडचिडही होत नाही. साप्ताहिक सुट्ट्यांचेही तेच. पॅरिसमधील लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, ताजमहाल शुक्रवारी, आणि युरोपातली अनेक संग्रहालये सोमवारी. एका दिवसाच्या प्रवाशाला हे कळते ते बहुधा बंद दारासमोर.

तुमच्या बारा दिवसांची मांडणी मी कशी करीन ते सांगतो. दोन मुक्काम, प्रत्येकी पाच रात्री, आणि उरलेली एक रात्र परतीच्या विमानतळाजवळच्या शहरात. दुसरा मुक्काम त्याच शहरात असेल तर ती रात्र त्यालाच जोडून द्यावी. विमानाचे तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतण्याचे काढावे, म्हणजे आल्या वाटेने मागे जाण्यात दिवस जात नाही. असे तिकीट नेहमीच महाग असते ही समजूत तपासून पाहिल्याशिवाय मानू नये. पोहोचण्याची वेळ उजेडातली असावी. खोली मध्यवर्ती स्थळापेक्षा स्टेशनपासून आणि एखाद्या राहत्या वस्तीपासून चालत जाता येईल अशी घ्यावी. आसपासची गावे पाहायची असतील तर एका बाजूने दीड तासापर्यंतचीच निवडावीत, सामान खोलीवरच ठेवून जावे, आणि असे दिवस लागोपाठ ठेवू नयेत. तुमच्या यादीतली आणखी दोन-तीन शहरे बहुधा अशीच, बॅग न हलवता, पाहून होतील. आगाऊ आरक्षण दिवसाला एकच करावे, तेही सकाळचे; संध्याकाळ मोकळी असली की सकाळी जे मनात भरले त्याच्यामागे जायला जागा राहते.

सोबत कोण आहे यावरही बरेच अवलंबून असते, आणि सहली बिघडतात त्या वेगापेक्षा वेगाविषयीच्या मतभेदांमुळे अधिक. घरातल्या एकाला यादी पूर्ण करायची असते, दुसऱ्याला खिडकीत बसायचे असते, आणि दोघेही दिवसभर एकमेकांसाठी त्याग करीत संध्याकाळपर्यंत रुसून बसतात. प्रत्येकाने निघण्याआधी एकच अशी गोष्ट सांगावी जी राहिली तर त्याला खरोखर वाईट वाटेल, आणि तेवढ्या गोष्टी सर्वांनी मिळून कराव्यात. बाकीच्या सकाळी वेगवेगळे फिरायला काहीच हरकत नाही. मुक्काम एकच असल्यावर हे सहज जमते. रोज गाव बदलणाऱ्या कुटुंबाला मात्र एकमेकांना चिकटूनच राहावे लागते. लहान मुले आणि वृद्ध आई-वडील बरोबर असतील तर तीच खोली, तोच पलंग आणि तोच रस्ता यांचे मोल तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू. सावकाश प्रवास हा आपोआप सद्गुण होतो असे मी मानत नाही. इटलीत 1999 साली सावकाश शहरांची संघटना स्थापन झाली आणि पन्नास हजारांपेक्षा कमी वस्तीची गावे तिची सदस्य होऊ लागली, तेव्हा त्यामागे गावाने स्वतः कसे जगावे हा विचार होता. पुढे तेच बिरूद महागड्या सहलींच्या जाहिरातींवर येऊन बसले, आणि त्यातल्या काहींचा कार्यक्रम तर सकाळी साडेसातला सुरू होतो. लांब मुक्कामासाठी पर्यटकांनी घरे भाड्याने घेतल्यामुळे रहिवाशांना घरे मिळेनाशी होतात, ही तक्रारही खरी आहे. बार्सिलोनाने जून 2024 मध्ये जाहीर केले की पर्यटकांना भाड्याने देण्याच्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवले जातील. म्हणून जिथे अशी टंचाई आहे तिथे साधे हॉटेल किंवा कुटुंब स्वतः राहत असलेल्या घरातली खोली बरी. पर्यावरणाच्या बाजूने मात्र हिशेब सरळ आहे. लांबच्या सहलीत प्रदूषणाचा मोठा वाटा विमानाचा असतो, आणि तीन छोट्या सहलींऐवजी एकच लांब सहल केली तर तो थेट कमी होतो.

काही वेळा भरभर फिरणेच योग्य असते, हेही मान्य करायला हवे. पुन्हा कधी जाता येणार नाही अशी खात्री असलेल्या वयस्कर माणसाला बसने पाच शहरे दाखवून आणली आणि तो खूश होऊन परतला, तर त्याला सावकाशीचे प्रवचन ऐकवणे हा उद्धटपणा होईल. कामानिमित्त एखाद्या शहरात एकच मोकळी दुपार मिळाली तर ती भरून घ्यावी. आणि ज्यांना हालचालीतच, स्टेशने आणि फलाट बदलण्यातच आनंद मिळतो अशी माणसेही मी पाहिली आहेत. तुम्ही त्यांच्यातले असता तर हा प्रश्न विचारलाच नसता.

राहिला तो यादीतून दोन नावे निवडण्याचा प्रश्न. सर्वांत प्रसिद्ध दोन निवडू नका. ज्या शहराविषयी तुमच्या मनात आधीपासून काहीतरी प्रश्न आहे, मग तो तिथल्या नदीविषयी असो, बोटींविषयी असो वा एखाद्या कारागिरीविषयी, ते पहिले घ्या. आणि जिथे तीन दिवस पाऊस पडला तरी तुम्हाला चालेल असे वाटते, ते दुसरे. दोन्हींमध्ये थेट गाडी आहे का ते तपासा, दोन्हीकडच्या साप्ताहिक सुट्ट्यांचे वार पाहून त्यानुसार कोणते आधी ते ठरवा, आणि मुक्काम बदलण्याचा दिवस त्या बंद वारावर येईल अशी तारीख लावा. एवढे झाल्यावर मगच विमानाची तिकिटे काढा.